आक्रमक तणे आणि लोकमताचा टिकाऊपणा

पेरल्यावाचून उगवते ते तण, अशी शेतकऱ्याची साधी समजूत आहे आणि बांधाच्या आतल्या व्यवहारापुरती ती पुरेशीही आहे. परंतु वनस्पतिशास्त्रात ज्यांना आक्रमक तणे म्हणतात त्यांचे प्रकरण भांगलणीने किंवा खुरपणीने मिटणारे नसते. माणसाच्या व्यापारातून, प्रवासातून किंवा बागकामाच्या हौसेतून परक्या भूप्रदेशात येऊन पोचलेली, मूळ प्रदेशात तिला खाऊन आवरणारे कीटक आणि रोग मागेच राहिल्यामुळे मोकाट वाढणारी, आणि नव्या ठिकाणची पिके, कुरणे, पाणी किंवा मूळच्या वनस्पती यांना हटवून त्यांची जागा घेणारी वनस्पती म्हणजे आक्रमक तण होय. येथे परकेपण हा दोष नाही, कारण मिरची, बटाटा, टोमॅटो आणि पेरू हे सारे अमेरिका खंडातून आलेले असून त्यांच्याविना मराठी स्वयंपाकघराची आज कल्पनाही करवत नाही. दोष आहे तो अनावर पसरण्याचा. जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आक्रमक परकीय प्रजातींमुळे जगाचे होणारे वार्षिक आर्थिक नुकसान २०१९ साली ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक होते असा अंदाज मांडला असून, १९७०पासून हे नुकसान दर दशकात किमान चौपट होत आल्याचेही नोंदवले आहे. तरीही कोणत्याही निवडणुकीच्या सभेत तणाचा विषय निघत नाही, आणि निघाला तर श्रोते हसतात. असे का व्हावे, आणि जेथे जेथे तसे झाले नाही तेथे काय घडले, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या उदासीनतेचे मूळ बरेचसे काळाच्या हिशेबात आहे. आक्रमक वनस्पती प्रथम एखाद्या बंदराजवळ, रेल्वेच्या रुळांकडेला किंवा उद्यानात थोड्या संख्येने दिसते. त्या अवस्थेत दोन-चार माणसे काही दिवसांत तिचा समूळ नायनाट करू शकतात, पण तिचा त्रास कोणालाच झालेला नसल्यामुळे तसे करावे अशी मागणीही कोणी करत नाही. पुढे ती पसरते, त्रास सर्वांना जाणवू लागतो, अर्ज-निवेदने सुरू होतात, आणि त्या वेळी समूळ उच्चाटन हाताबाहेर गेलेले असून फक्त प्रसार रोखणे किंवा ठरावीक जागा मोकळ्या राखणे एवढेच शक्य उरते. म्हणजे उपाय स्वस्त असतो तेव्हा मागणी नसते, आणि मागणी येते तेव्हा उपाय महाग झालेला असतो. याला जोड मिळते ती मातीतील बीजसाठ्याची, म्हणजे जमिनीत पडून राहिलेल्या आणि अनुकूल ओल मिळताच रुजणाऱ्या जिवंत बियांच्या साठ्याची. वरची झाडे उपटली तरी हा साठा पुढची अनेक वर्षे नवी रोपे देत राहतो. अर्थसंकल्प एका वर्षाचा, सभागृह पाच वर्षांचे आणि बीजसाठा त्याहूनही लांब मुदतीचा, असा हा मेळ आहे. म्हणून तण-नियंत्रणासाठी लागणारा पाठिंबा हा उत्साहापेक्षा टिकाऊपणाच्या मापाने मोजावा लागतो. आणि इतिहास असे दाखवतो की पाठिंबा ज्या कारणाच्या नावाने मागितला गेला त्या कारणापुरतेच काम झाले, व ते कारण सरले की कामही थांबले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर गाजर गवताचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. ग्रामीण भागात ज्याला सर्रास काँग्रेस गवत किंवा नुसते काँग्रेस म्हणतात, ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस नावाचे, सूर्यफुलाच्या कुळातले, मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशातले झाड पुण्यात १९५५ साली आढळले, आणि आर. एस. राव यांनी त्याची नोंद पुढच्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. अमेरिकेने पीएल-४८० या कायद्याखाली पाठवलेल्या गव्हातून ते आले, ही समजूत इतकी रुजली आहे की ती पाठ्यपुस्तकांतही आढळते. परंतु त्या कायद्याखालचा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६चा आहे आणि पुण्यातील झाडे त्याआधीची आहेत. अमेरिकी धान्य १९५१पासूनच देशात येत होते, तेव्हा धान्यातून बी आले असण्याची शक्यता कायम राहते, पण प्रचलित कथा तारखांच्या कसोटीला उतरत नाही. ही दुरुस्ती केवळ पांडित्यापुरती नाही. तणाच्या आगमनाचा दोष परदेशावर किंवा एखाद्या सरकारावर टाकण्यात लोकांना जे समाधान मिळते त्याने राग उत्पन्न होतो, परंतु रस्त्याकडेचे गवत कोणी काढायचे या प्रश्नाला त्या रागातून उत्तर मिळत नाही.

एक झाड हजारोंनी बिया देते, अनुकूल हवामानात रोप उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते आणि ओल असेल तर वर्षातून अनेक पिढ्या होतात. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे काही माणसांच्या त्वचेला तीव्र दाह होतो, आणि वाळलेल्या झाडाचे कण हवेतून पसरत असल्याने झाडाला हात न लावणाऱ्यालाही तो होऊ शकतो. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९६० व १९७०च्या दशकांत असे रुग्ण नोंदवण्यास आरंभ केला होता. जनावरे हे गवत सहसा खात नाहीत, आणि उपासमारीत खाल्ले तर दुधाला कडवटपणा येतो. एवढे सारे असूनही या तणाच्या प्रश्नाला राजकीय आवाज मिळाला नाही, याचे कारण नुकसान कसे वाटले गेले आहे यात सापडते. शेतकरी आपल्या वावरातले गवत काढतोच, कारण तेथे पिकाचा प्रश्न असतो. परंतु बी येते ते रस्त्याच्या कडेने, गायरानातून, कालव्याच्या भरावावरून, शहरातील मोकळ्या भूखंडांवरून आणि बांधकामासाठी इकडून तिकडे हलवलेल्या मातीतून. या जागांना मालक असतो, पण त्या गवतामुळे मालकाचे काही बिघडत नाही. ज्याचे बिघडते त्याला त्या जागेत पाऊल टाकण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याचे काही बिघडत नाही. शिवाय भांगलणीचे काम बहुतांशी शेतमजूर बायका उघड्या हातांनी करतात, आणि त्वचेच्या दाहाचा पहिला बळी त्याच असतात. ज्यांचे नुकसान सर्वांत अधिक त्यांचाच आवाज सभागृहात सर्वांत क्षीण असावा, हा योगायोग समजता येत नाही.

उलट जेथे नुकसान सोसणाऱ्यांच्या हाती मत आले तेथे काय झाले, हे पाहण्यासाठी दुसऱ्या एका तणाकडे आणि दुसऱ्या प्रांताकडे वळावे लागते. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पाणवनस्पती तिच्या जांभळ्या फुलांसाठी बंगालात आणली गेली, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तिने पूर्व बंगालच्या खाड्या, नाले आणि बिले, म्हणजे सखल भागातील विस्तीर्ण पाणथळ जागा, व्यापून टाकल्या. बंगाली शेतकरी तिला कचुरिपाना म्हणतो. पहिली मोठी तक्रार आली ती तागाच्या व्यापाऱ्यांची, कारण नारायणगंजसारख्या बाजारपेठेत ताग नावांनी येत असे आणि नावा अडू लागल्या होत्या. भातशेतीची हानी त्याहून मोठी होती, कारण पुराच्या पाण्यावर तरंगत आलेले जलपर्णीचे थर वारा वाहील तसे सरकत आणि खोल पाण्यात उभे असलेले आमन भात चिरडून टाकीत. १९२१ साली सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. परंतु समिती नेमणे आणि कायदा होणे यांच्यामध्ये दीड दशक गेले, आणि या विलंबाचे एक कारण आजच्या वाचकाला फार ओळखीचे वाटेल: पहिल्या महायुद्धात पोटॅशची टंचाई असताना सरकारच्या कृषी खात्याने जलपर्णीच्या राखेत पोटॅश मुबलक असल्याचे दाखवून तिचा खत म्हणून उपयोग करावा असे सुचवले होते. ज्या वनस्पतीपासून पैसा मिळू शकतो तिचा नाश करण्याची घाई शासनाला राहत नाही. आज जलपर्णीपासून खत, बायोगॅस, टोपल्या आणि कागद करण्याच्या ज्या योजना अधूनमधून जाहीर होतात त्यांचे हेतू चांगले असले, तरी बाजाराला कच्चा माल दरवर्षी लागतो आणि तणाच्या नायनाटाने तो संपतो, हा अंतर्विरोध त्यांपैकी फारच थोड्या योजना विचारात घेतात.

बंगालात चित्र पालटले ते १९३६-३७मध्ये. १९३६ साली जलपर्णी कायदा संमत होऊन आपल्या ताब्यातील जागेत जलपर्णी राहू देण्यास मनाई झाली आणि तिच्या निर्मूलनाच्या सरकारी मोहिमेत लोकांनी भाग घेणे हे कर्तव्य ठरले. पुढच्याच वर्षी १९३५च्या भारत सरकार कायद्यानुसार प्रांतिक निवडणुका झाल्या. मताधिकार वाढल्यामुळे ज्यांची भातशेती चिरडली जात होती त्या शेतकऱ्यांपैकी पुष्कळजण प्रथमच मतदार झाले होते, आणि परिणाम असा की सर्व प्रमुख पक्षांच्या जाहीरनाम्यांत जलपर्णीपासून बंगाल मुक्त करण्याचे वचन आले. कृषक प्रजा पक्षाचे फजलुल हक मुख्यमंत्री झाल्यावर मोहीम खरोखर हाती घेतली गेली, १९३९ साली कचुरिपाना सप्ताह पाळला गेला आणि गावोगावचे लोक पाण्यात उतरले. वीस वर्षे वनस्पती तीच होती, हानी तीच होती आणि उपायही, म्हणजे ती हातांनी ओढून काढून वाळवणे, तोच होता. बदलली होती ती मतदारयादी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जलपर्णीचा उपद्रव बराच आटोक्यात आला असे मानले जाते. मात्र ती नाहीशी झाली नाही, आणि रेल्वे व रस्त्यांच्या भरावांमुळे पाणी तुंबून तिला अनुकूल जागा मिळत होती हा मुद्दा कायद्याने हातीही घेतला नाही, कारण त्यात शेतकऱ्याऐवजी सरकारला आणि रेल्वे कंपन्यांना खर्च करावा लागला असता. मतदाराच्या रेट्याने शासनाने लोकांना कामाला लावले. स्वतःच्या बांधकामांना हात लावण्याइतका तो रेटा मोठा नव्हता.

हीच मर्यादा पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या नद्यांवर आज दिसते. पवना, मुळा, मुठा या नद्यांतील जलपर्णी उन्हाळ्यात ठेकेदारांकडून काढली जाते, राहिलेली पावसाळ्याच्या पुराने भीमेतून उजनीकडे वाहून जाते, आणि पुढच्या हिवाळ्यात प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर ती पुन्हा पोसते. डास वाढल्यामुळे नदीकाठच्या वस्तीतून ओरड होते, ओरडीतून निविदा निघते, आणि निविदेने ओरड शमते. पाठिंब्याचे कारण डास हे असल्यामुळे डास दिसेनासे होईतो काम चालते. सांडपाण्याचा प्रश्न त्या कारणात बसत नाही. येथे लोकांचा पाठिंबा नाही असे म्हणता येत नाही, तो आहे आणि दरवर्षी येतो, पण तो लक्षणाला चिकटलेला आहे.

कारणाची निवड किती निर्णायक ठरते याचे सर्वांत बोधक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर, नेल्सन मंडेला यांच्या मंत्रिमंडळात पाणी व वने ही खाती सांभाळणारे कादर अस्मल यांच्या पुढाकाराने १९९५ साली ‘वर्किंग फॉर वॉटर’, म्हणजे पाण्यासाठी काम, हा कार्यक्रम सुरू झाला. डोंगरउतारांवर पसरलेली ऑस्ट्रेलियन बाभळीची, पाइनची आणि निलगिरीची झाडे तेथील बुटक्या मूळ झुडपांपेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषून घेतात आणि नद्यांचा प्रवाह घटवतात, हे जलशास्त्रज्ञांनी आधीच मोजून ठेवले होते. १९९८ साली या घटीचा अंदाज देशाच्या वार्षिक प्रवाहाच्या जवळपास ७ टक्के इतका करण्यात आला. अस्मल यांचे राजकीय चातुर्य असे की त्यांनी वनस्पतींच्या नावाने एक पैसाही मागितला नाही. त्यांनी पाणी मागितले आणि रोजगार मागितला. गरिबी निवारणाच्या निधीतून पैसा आला, मजुरांत स्त्रियांचा वाटा ६० टक्के असावा असे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि जैवविविधतेशी काडीचाही संबंध नसलेल्या मतदारसंघांतून कार्यक्रमाला समर्थन मिळाले. सरकारे आणि मंत्री बदलले तरी कार्यक्रम चालू राहिला, ही तण-नियंत्रणाच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे.

परंतु याच यशात त्याची उणीवही होती. रोजगाराच्या निधीचा हिशेब मनुष्यदिवसांत मागितला जातो, म्हणून मनुष्यदिवस मोजले गेले. किती क्षेत्र पुन्हा तणमुक्त राहिले हे त्या मानाने कमी मोजले गेले. बाभळीचे बी मातीत दशकानुदशके टिकते, त्यामुळे एकदा तोडलेल्या क्षेत्रावर अनेक वर्षे परत परत जावे लागते, आणि या फेऱ्या पुष्कळ ठिकाणी वेळेवर झाल्या नाहीत. पुढील काळात तेथील संशोधकांनीच दाखवून दिले की प्रचंड खर्चानंतरही कित्येक खोऱ्यांत आक्रमक झाडांचा विस्तार चालूच होता. तरीही अस्मल यांच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल, कारण रोजगाराचे नाव घेतले नसते तर कार्यक्रमच झाला नसता. महाराष्ट्राला या उदाहरणाचे विशेष महत्त्व आहे, कारण वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना येथे १९७०च्या दशकापासून आहे. त्या योजनेचा भर उत्पादक कामांवर, म्हणजे पाझर तलाव, बंधारे, रस्ते अशा दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या कामांवर राहिला. गायरानावरचे गवत दरवर्षी काढत राहणे हे त्या चौकटीत काम म्हणून सहज बसत नाही, कारण ते पूर्ण झाल्यावर दाखवायला काही उभे राहत नाही. न उगवलेले तण ही मालमत्ता नोंदवहीत कशी लिहावी, हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही.

पाठिंबा मिळवण्याइतकेच महत्त्व तो गमावण्याच्या कारणांनाही आहे, आणि याबाबत गाजर गवतावरील भुंग्याचा इतिहास उद्बोधक आहे. जैविक नियंत्रण म्हणजे तणाच्या मूळ प्रदेशातून त्याचा नैसर्गिक शत्रू आणून, तो इतर वनस्पतींना उपद्रव देत नाही याची चाचणी करून सोडणे. या पद्धतीला भारतात मोठा वारसा आहे. दक्षिण भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगाच्या धंद्यासाठी आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्याने निवडुंग नष्ट केल्याचे पाहूनच पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांताने १९१२-१४मध्ये आपले तज्ज्ञ जगभर, भारतातही, पाठवले होते, आणि अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्यांनी तेथील लक्षावधी एकर निवडुंग १९२६ नंतर काही वर्षांतच पोखरून टाकला. गाजर गवतासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ साली आणला आणि चाचण्यांनंतर सोडला. पावसाळ्यात तो गवताची पाने फस्त करतो आणि कोरड्या ऋतूत जमिनीत सुप्त राहतो. परंतु १९९१च्या सुमारास हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर आढळल्याने तेलबियांच्या शेतकऱ्यांत घबराट पसरली, सरकारने चौकशी समिती नेमली आणि भुंग्याचा प्रसार काही काळ थांबवावा लागला. संशोधकांना असे आढळले की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडल्यामुळे भुंगा फसून ती पाने कुरतडतो, आणि पिकाला खरा धोका नाही. पण हे स्पष्टीकरण भीती पसरल्यानंतर आले. प्रयोगशाळेत जे आधीच ठाऊक होते वा तपासता आले असते ते शेतकऱ्याला आधी सांगितले असते, तर विश्वास इतक्या सहज ढासळला नसता. एखाद्या कीटकाला परवानगी देणारी समिती आणि त्या कीटकाशेजारी पीक घेणारा माणूस यांच्यात संवादाची कोणतीच नियमित व्यवस्था नसणे, ही उणीव आजही भरून निघालेली नाही.

दुसरी अडचण अशी की अनेक आक्रमक वनस्पती शासनानेच आग्रहाने लावल्या आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची झाडे वनीकरणात लावली गेली, सुबाभूळ चाऱ्यासाठी वाटली गेली, आणि वेडी बाभूळ ओसाड जमीन झाकण्यासाठी पसरवली गेली. या झाडांविरुद्ध आज बोलणाऱ्या अधिकाऱ्याला कालच्या परिपत्रकांविरुद्ध बोलावे लागते. त्याहून अवघड प्रश्न सरपणाचा आहे: वेडी बाभूळ धनगराचे कुरण खाते, पण भूमिहीन कुटुंबाची चूलही तीच पेटवते आणि कोळसा पाडणाऱ्यांचे पोट तिच्यावर चालते. अशा ठिकाणी लोकसहभागाची भाषा वापरताना कोणते लोक, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. सरपणाची दुसरी सोय आधी उभी न करता बाभूळ काढण्याचा ठराव ग्रामसभेने केला, तर तो कुरण असलेल्यांचा ठराव होतो.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, कृषी विद्यापीठे आणि महाविद्यालये त्यात भाग घेतात, आणि भुंगे सोडण्यासाठी हा काळ योग्यही आहे. मात्र दख्खनच्या पठारावर जूनच्या पहिल्या पावसात रुजलेले गवत तोवर फुलावर आलेले असते, आणि बी धरलेली झाडे उपटून रस्त्याने ओढत नेणे म्हणजे पेरणीच होय. सप्ताहाचा उपयोग लोकांना झाड ओळखता येण्यात आहे. त्याला नियंत्रण म्हणण्याची घाई करू नये.

राहता राहिला कायदा आणि पैसा. कर्नाटकाने १९७५ सालीच गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केले, परंतु जाहीर केल्यानंतर तपासणी करणारी माणसे आणि त्यांना लागणारा निधी उभा न राहिल्याने गवताला काही फरक पडला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या प्रथमच आली आणि त्यांची आयात, व्यापार व प्रसार नियंत्रित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण ही व्याख्या वन्यजीव आणि त्यांच्या अधिवासाला होणाऱ्या धोक्यापुरती आहे, म्हणून राखीव वनातील घाणेरी आणि रानमोडी ही तणे तिच्या कक्षेत येतात, तर कालव्याच्या भरावावरील गाजर गवताचे तसे नाही. पिकांचे किडींपासून व रोगांपासून संरक्षण हा राज्यघटनेनुसार राज्याच्या सूचीतील विषय, नदी पाटबंधारे खात्याची, नदीतले सांडपाणी महापालिकेचे, रस्त्याची कडा सार्वजनिक बांधकाम खात्याची आणि गायरान ग्रामपंचायतीचे, अशी एकाच बियाण्याची पाच खात्यांत वाटणी झालेली आहे. ही वाटणी मोडण्याऐवजी तिच्यावरून जाणारी एखादी रक्कम, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या पातळीवर किमान दहा वर्षांसाठी बांधलेले, दरवर्षी नव्याने मंजुरी न लागणारे आणि खर्च झालेल्या दिवसांऐवजी तिसऱ्या व पाचव्या वर्षीही तणमुक्त आढळलेल्या क्षेत्रावर हिशेब देणारे लेखाशीर्ष निर्माण करणे, हे नव्या कायद्यापेक्षा अधिक साध्य आहे. अशा लेखाशीर्षाची मागणी करण्यास सर्वांत योग्य संघटना पर्यावरणवाद्यांची नसून शेतमजूर स्त्रियांची आणि दूध उत्पादकांची असेल, कारण गवताचे नुकसान पहिल्यांच्या त्वचेवर आणि दुसऱ्यांच्या दुधात मोजता येते, आणि सहकारी दूध संघांना तालुक्या-तालुक्यात जे राजकीय वजन आहे ते वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही संस्थेला नाही.